कोणापुढं विचारलं? वऱ्हाडातल्या मोजणीची गोष्ट

(कारंजा लाड येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन)



आयोजकांनी मला विषय दिला तो 'सामाजिक आणि राजकीय शास्त्रांतील संशोधनपद्धती कशी शिकावी' असा. विषय ऐकूनच काही जण घरी थांबले असतील, त्यांना मी दोष देत नाही. समोर बसलेल्यांत बरेच जण पीएच.डी.ला नोंदणी केलेले दिसतात. त्यांना कदाचित नमुनानिवडीचे प्रकार, प्रश्नावलीचे प्रकार, गृहीतक म्हणजे काय, असं काही लिहून घ्यायचं असेल. ते सगळं पुस्तकात आहे आणि परीक्षेपुरतं ते पाठही होतं. मी तत्त्वज्ञानाचा माणूस. वर्गात तर्कशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. त्यामुळे मला नेहमी एकच प्रश्न पडतो: हे तुम्हाला कळलं कसं? संशोधनपद्धती म्हणजे या एका प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर. आज मी तुम्हाला त्याचा इतिहास सांगतो, आणि तो शक्यतो आपल्याच वऱ्हाडातून सांगतो. शेवटाकडे मला एक कबुलीही द्यायची आहे. ती पन्नास वर्षं राहून गेली आहे.

सुरुवात अगदी साध्या गोष्टीपासून करू. आपण आत्ता वाशीम जिल्ह्यात बसलो आहोत. हा जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. त्याआधी कारंजा अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूर तालुक्यातलं मोठं गाव म्हणून कितीतरी वर्षं नोंदलेलं. आणि १९०५ च्या आधी हाच मूर्तिजापूर तालुका अमरावती जिल्ह्यात होता. गंमत अशी की १९०५ च्या आधीही एक वाशीम जिल्हा होता. इंग्रज त्याला 'बासिम' म्हणत. त्यात वाशीम, मंगरूळ आणि पुसद हे तालुके होते. कारंजा त्यात नव्हतं. आता एखाद्या विद्यार्थ्यानं 'वाशीम जिल्ह्याची लोकसंख्या, १९०१ ते २००१' असा तक्ता काढला, सुंदर आलेख काढला, तर तो कशाची तुलना करतो आहे? नाव एक, जमीन वेगळी. पुसद यवतमाळला गेलं, कारंजा अकोल्यातून इकडे आलं. माणसं जागची हलली नाहीत, तरी कागदावर हजारो लोक या जिल्ह्यातून त्या जिल्ह्यात गेले. पद्धतीचा पहिला धडा इथंच मिळतो. आकडा वाचण्याआधी तो कोणत्या हद्दीचा आहे ते विचारा.

दुसरा धडाही याच गावात आहे, आणि तो पोथ्यांच्या कपाटात आहे. कारंजा म्हटलं की बहुतेकांना गुरुमंदिर आठवतं, नृसिंहसरस्वतींचं जन्मस्थान. पण इथं सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तीन जैन परंपरांची मंदिरं आहेत आणि त्यांच्याबरोबर जुनी ग्रंथभांडारं आहेत. १९२६ साली रायबहादूर हिरालाल यांची मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची नागपूरहून प्रसिद्ध झाली आणि कारंज्यात काय काय आहे ते अभ्यासकांना कळलं. नंतर अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्राध्यापक हिरालाल जैन यांनी इथल्या अपभ्रंश ग्रंथांवर काम केलं. नावं सारखी असली तरी माणसं दोन आहेत, घोटाळा करू नका. पुष्पदंताचं 'जसहरचरिउ' प. ल. वैद्यांनी संपादून १९३१ साली आलं, 'णायकुमारचरिउ' १९३३ साली, कनकामराचं 'करकंडचरिउ' १९३४ साली. ही पुस्तकं कारंज्याच्या ग्रंथमालेत निघाली.

तुम्ही म्हणाल, याचा समाजशास्त्राशी काय संबंध? सांगतो. पोथीचा संपादक काय करतो? त्याच्यासमोर एकाच ग्रंथाच्या तीन-चार प्रती असतात. एकीत एक शब्द, दुसरीत दुसरा. तो विचार करून एक पाठ मुख्य मजकुरात घेतो. बाकीचे तो फेकून देत नाही, पानाच्या तळाशी पाठभेद म्हणून देतो. कोणती प्रत कुठली, किती जुनी, कोणती पानं गहाळ, हे प्रस्तावनेत सांगतो. म्हणजे त्याचं चुकलं असेल तर ते पकडायचं हत्यार तोच तुमच्या हातात देतो. मला विचाराल तर संशोधनपद्धतीची याहून चांगली व्याख्या मी वाचलेली नाही. आता प्रश्न असा, की हेच माणसांच्या बाबतीत कसं करायचं? पोथी उत्तर बदलत नाही. माणूस बदलतो. समोर कोण उभा आहे ते पाहून बदलतो.

इथं आपण १८६७ सालात जाऊ. १८५३ च्या तहानं निजामानं वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात दिलेलं होतं. सगळ्या हिंदुस्थानची एकाच वेळची खानेसुमारी व्हायला १८८१ साल उजाडलं, पण वऱ्हाडात डोकी मोजली गेली ती १८६७ साली. आकडा आला सुमारे २२ लाख २७ हजार. ज्या दशकात माणसं मोजली जात होती त्याच दशकात जमीनही मोजली जात होती, सारा ठरत होता. दारात वही घेऊन आलेला माणूस आणि सारा वसूल करणारं सरकार, घरच्या माणसाच्या नजरेतून दोघं एकच. त्याला बैल किती आणि माणसं किती विचारलं की तो काय विचार करील? तुम्ही-आम्ही केला असता तोच.

तरी म्हणून ते आकडे टाकाऊ ठरत नाहीत. पुढचं पाहा. १८९१ ला वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २८ लाख ९७ हजार होती. १९०१ ला ती २७ लाख ५४ हजारांवर आली. दहा वर्षांत वाढण्याऐवजी जवळजवळ दीड लाखानं कमी. मध्ये १८९६-९७ चा दुष्काळ आहे आणि १८९९-१९०० चा त्याहून भयंकर. तक्त्यात फक्त एक ओळ खाली उतरलेली दिसते. ती का उतरली हे तक्ता सांगत नाही. पण तक्ता नसता, तर ती उतरली हेच कुणी मान्य केलं नसतं. आकडा आणि इतिहास, दोघांना एकमेकांची गरज आहे.

याच काळात वऱ्हाडात आल्फ्रेड लायल नावाचे कमिशनर होते. १८७० साली त्यांनी वऱ्हाडचं गॅझेटिअर संपादित केलं. त्यांचे निबंध पुढे १८८२ साली 'एशियाटिक स्टडीज' या नावानं पुस्तकरूपात आले आणि त्यातला पहिलाच निबंध वऱ्हाडच्या धर्माविषयी आहे. त्या वेळी युरोपातले पंडित हिंदू धर्म समजून घ्यायचा तो वेदांतून, ग्रंथांतून. लायलनी एक प्रांत घेतला आणि लोक प्रत्यक्षात कशाची पूजा करतात ते पाहिलं: दगड, झाडं, जनावरं, अपघाती मेलेल्यांची भुतं, वीर, साधू, आणि मग पुराणातले मोठे देव. त्यांनी त्याची वर्गवारी केली आणि दाखवलं की इथं देव अजूनही घडताहेत, धर्म काही पोथीत बंद होऊन बसलेला नाही. पद्धत म्हणून हे पाऊल फार मोठं होतं. ग्रंथ बाजूला ठेवून गाव पाहणं, आज आपण त्याला क्षेत्रकार्य म्हणतो.

पण पाहणारा कमिशनर होता. लवाजमा घेऊन फिरणारा. त्याला जे दिसलं ते खरं, पण त्याला जे दाखवलं गेलं तेही त्यात आहे. लायल हुशार होते म्हणून हा प्रश्न सुटत नाही. हुशारीनं तो सुटणाराच नाही.

आता वऱ्हाडातून थोडा वेळ पुण्याकडे जाऊ, कारण खेड्याची घरोघर पाहणी कशी करावी याचा मराठी मुलखातला एक पायाभूत नमुना तिथं तयार झाला. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरोल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास करून १९१७ साली पुस्तक काढलं. आज तिथं उंच इमारती आहेत. तेव्हा ते शेतकऱ्यांचं गाव होतं. मान यांनी जुने कागद आणि नवी पाहणी एकत्र ठेवली. १७७१ साली तिथं सरासरी धारणा ४० एकर होती, १८१८ साली साडेसतरा, आणि त्यांच्या पाहणीच्या वेळी ७ एकर. १०३ कुटुंबांचा जमाखर्च मांडला तेव्हा जवळजवळ दोनतृतीयांश घरांचा खर्च शेती आणि मजुरी धरूनही भागत नव्हता. 'खेडूत आळशी आहे, उधळ्या आहे' असं म्हणायची तेव्हा रीत होती. त्या बोलण्यासमोर हा जमाखर्च उभा राहिला.

मला मान आवडतात ते त्यांच्या पुढच्या कामासाठी. आपलं गाव पुण्याला आणि खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्याला लागून आहे, म्हणून ते वेगळं असू शकेल, हा आक्षेप त्यांनी स्वतःच गंभीरपणे घेतला. मग ना. वि. कानिटकरांबरोबर जातेगाव बुद्रुक हे शहरापासून लांबचं, कोरडवाहू गाव निवडलं आणि १९२१ साली दुसरं पुस्तक काढलं. तिथली स्थिती अधिकच वाईट निघाली. आपल्या निष्कर्षाला जिथं धक्का बसू शकेल अशी जागा मुद्दाम शोधून तिथं जाणं, हे पाठ करून येत नाही. त्याला थोडं धैर्य लागतं.

पुढचा भाग तुम्हाला अभ्यासक्रमात असेल, म्हणून भरभर सांगतो. १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ, आपल्या नागपुरात वाढलेले. त्यांनी वाई तालुक्यातल्या शेतीची पाहणी केली, पुणे शहराची केली. सगळी घरं पाहणं शक्य नसेल तर कोणती पाहायची हे सोयीनं ठरवायचं नाही, नियमानं ठरवायचं, ही शिस्त अशा पाहण्यांतून आपल्याकडे रुजली. राज्यशास्त्रात व. म. सिरसीकरांनी १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीचा पुण्यात अभ्यास केला, मतदारांना प्रत्यक्ष विचारून. तोवर राज्यशास्त्र म्हणजे बरंचसं राज्यघटनेची कलमं आणि प्लेटो-ॲरिस्टॉटल असं होतं. मतदाराला विचारावं, हाच तेव्हा नवा विचार होता.

आता माझी कबुली.

१९७३ साल. दुष्काळाची वर्षं. मी एम.ए.ला होतो. घरी पैशांची ओढ होती. एका पाहणीचे फॉर्म भरायचं काम मिळालं, फॉर्ममागे पैसे. पाहणी कुणाची होती हे महत्त्वाचं नाही. चूक माझी होती. कारंज्यापासून सायकलनं जाता येतील अशी गावं मला दिली होती. ऊन असं की डोकं फुटावं. मी पहिल्या गावात गेलो, एका मोठ्या घराच्या ओसरीवर मला पाणी मिळालं, चहा मिळाला. घरधनी म्हणाले, कशाला उन्हात दारोदार फिरता गुरुजी, मी इथंच बोलावतो एकेकाला. मला बरंच वाटलं. माणसं आली, मी विचारत गेलो. जमीन किती, बैल किती, घरात खाणारी तोंडं किती, कर्ज किती? 'कर्ज' या रकान्यात जवळपास प्रत्येकानं सांगितलं, नाही. मी लिहिलं, शून्य. दुष्काळात कर्ज नाही, याचं मला तेव्हा नवलही वाटलं नाही. दिवसाचे फॉर्म दुपारपर्यंत झाले याचाच आनंद.

संध्याकाळी निघालो तर विहिरीवर एक म्हातारी होती. तिच्या मुलाचा फॉर्म मी भरला होता. ती म्हणाली, "बापू, तू कर्ज इचारलं, पन कोनापुढं इचारलं? ज्याचं देनं हाये थो तं बाजीवर बसून होता. आन् दुकानाची उधारी तं तू इचारलीच नाई."

मंडळी, मी तोवर तर्कशास्त्राची तीन जाड पुस्तकं वाचली होती. त्या बाईनं दोन वाक्यांत मला पद्धतीचा सगळा पेपर शिकवला. एक, उत्तर कोणाच्या उपस्थितीत घेतलं. दोन, प्रश्नातला शब्द कोणता. आमच्याकडे 'कर्ज' म्हणजे सोसायटीचं, बँकेचं. सावकाराकडून आणलं ते देणं. दुकानातून बियाणं उचललं ती उधारी. दाणे आणले ते सवाईनं नाहीतर दिढीनं. शेजाऱ्याचे हातउसने. छापील फॉर्मला यातला एकच शब्द येत होता. आणि तिसरी गोष्ट तिनं न बोलता शिकवली: घरातली देणी तिला ठाऊक होती, आणि तिला मी काहीच विचारलं नव्हतं. ओसरीवर बोलावणं फक्त पुरुषांना गेलं होतं.

मी काय केलं? काही केलं नाही. परत फिरून घरोघर जायला दोन दिवस लागले असते. फॉर्म बांधून झाले होते. मी ते दिले आणि पैसे घेतले. त्या पाहणीच्या बेरजेत कुठं तरी माझी शून्यं आहेत. कुणीतरी त्यांची सरासरी काढली असेल. त्या दुष्काळात या भागातले शेतकरी फारसे कर्जबाजारी नाहीत, असं एखादं वाक्य त्यावर उभं राहिलं असेल. मी नंतर तीस वर्षं विद्यार्थ्यांना आगमनाचे दोष शिकवले, पण हा किस्सा कधी वर्गात सांगितला नाही. लाज वाटत होती.

आज सांगतो आहे, कारण हा दोष मागच्या काळात राहिलेला नाही. आता मी ज्या विषयाकडे वळतो तो आपल्यापैकी काहींच्या घरातला असू शकतो, म्हणून जपून बोलतो. शेतकऱ्यांच्या आत्महत्या.

समाजशास्त्रात या विषयाचा पाया एमिल दर्खाइमनं १८९७ साली घातला. त्यानं एक शहाणपणाचं काम केलं. सरकारी नोंदीत प्रत्येक मृत्यूपुढे कारण लिहिलेलं असे: घरगुती भांडण, दारिद्र्य, आजार. दर्खाइम म्हणाला, ही कारणांची आकडेवारी म्हणजे नोंद करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मतांची आकडेवारी आहे. त्यानं ती बाजूला ठेवली आणि दर घेतला. कोणत्या समाजात, कोणत्या काळात प्रमाण किती. पुढे १९६७ साली जॅक डग्लस या अमेरिकन अभ्यासकानं त्यालाच गाठलं: अरे, मृत्यू आत्महत्या म्हणून नोंदवायचा की नाही, हेही अधिकारीच ठरवतो ना?

आता आपल्याकडे पाहा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग १९९५ पासून शेतीत स्वयंरोजगार असलेल्यांच्या आत्महत्या वेगळ्या देत होता. २०१३ साली देशातला हा आकडा ११,७७२ होता. २०१४ साली शेतकऱ्यांचा आकडा ५,६५० झाला. एका वर्षात निम्मा! घरात आनंदाची बातमी सांगावी असं वाटेल. पण त्याच वर्षी रकाने बदलले होते. शेतकरी आणि शेतमजूर अशी फोड केली होती आणि शेतमजुरांच्या रकान्यात ६,७१० जण होते. वाशीम जिल्ह्याची हद्द बदलली तेव्हा जे झालं तेच इथं झालं. या वेळी रेघ माणसांच्या मधून ओढली गेली, एवढंच.

चांगलं काम कसं असतं तेही सांगतो. मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतले श्रीजित मिश्रा यांनी राज्य सरकारसाठी केलेला अभ्यास जानेवारी २००६ मध्ये आला. राज्यातल्या पुरुष शेतकऱ्यांमध्ये दर लाखामागे आत्महत्यांचं प्रमाण १९९५ ला १५ होतं, ते २००४ ला ५७ झालं, असं त्यांनी दाखवलं. आणि ते वर्धा, यवतमाळ आणि आपला वाशीम या जिल्ह्यांत घरोघर गेले. आत्महत्या झालेली १११ कुटुंबं त्यांनी घेतली आणि त्यांच्या जोडीला तशी घटना न घडलेली १०६ कुटुंबं घेतली. ही दुसरी यादी का? समजा, मी फक्त दुःखी घरांत गेलो आणि सगळ्यांकडे कर्ज दिसलं, तर मला काय कळलं? काहीच नाही. शेजारच्या घरातही तेवढंच कर्ज असेल तर? जॉन स्टुअर्ट मिलनं १८४३ च्या त्याच्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात ज्याला भेदाची रीत म्हटलं, ती हीच. बाकी सारखं असताना फरक कुठं आहे ते पाहा. तुलना केली तेव्हा दिसलं, की पहिल्या कुटुंबांवर देणं जास्त होतं, बैल कमी होते, पिकाचं मूल्य कमी होतं. आता 'कर्ज' या शब्दाला वजन आलं.

पण ज्या विधवेला तहसीलमध्ये अर्ज करायचा असतो तिच्यापर्यंत ही सूक्ष्मता पोचत नाही. २३ जानेवारी २००६ च्या शासन निर्णयानं एक लाखाची मदत ठरली, तीस हजार रोख आणि सत्तर हजार ठेव. त्यासाठी प्रकरण 'पात्र' ठरावं लागतं. जमीन कुटुंबाच्या नावावर हवी, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं, ते थकलेलं हवं. ठोक्यानं जमीन केली असेल, दुकानाची उधारी असेल, बिनपरवान्याच्या माणसाचं देणं असेल, तर कागदावर कर्ज नाही. शून्य. माझ्या फॉर्मवरचंच शून्य, मंडळी. आणि आयुष्यभर निंदण-वेचणी केलेल्या बाईच्या नावावर सातबारा नसतो, म्हणून ती गेली तर नोंदीत ती बहुतेक वेळा गृहिणी राहते.

म्हणून जे विद्यार्थी इथं आहेत त्यांना एवढंच सांगतो. प्रबंधात पद्धतीचं प्रकरण असतं, ते तुम्ही दुसऱ्याच्या प्रबंधावरून उतरवता, हे मला माहीत आहे. मी परीक्षक होतो. त्याऐवजी तिथं खरं लिहा. मुलाखत कुठं घेतली, ओसरीवर की स्वयंपाकघरात. समोर कोण बसलं होतं. कोणता शब्द वापरला आणि लोकांना तो कळला का. कोणी बोलायला नकार दिला. कोणाला विचारायचं राहिलं. याच गावच्या भांडारातल्या पोथ्यांचे संपादक नव्वद वर्षांपूर्वी पानाच्या तळाशी पाठभेद देत होते. तुमच्या प्रबंधाच्या तळाशी या गोष्टी येऊ द्या. मार्गदर्शक म्हणतील, याने प्रबंध कच्चा दिसतो. दिसू द्या. तुमच्या मागून येणारा त्यावर पुढं काम करू शकेल. माझ्या फॉर्मवर कुणालाच ते करता आलं नसतं, कारण ती म्हातारी माझ्या फॉर्ममध्ये कुठंच नाही.

आज ती माझ्या व्याख्यानात आली. उशीर झाला, पण आली.